नानांच्या मांडीवरचा प्लग

जून लागला की आमच्या चँडलरमध्ये, परदेशातल्या या वाळवंटी गावात, गाडीच्या स्टिअरिंगला हात लावायची सोय राहत नाही. सीटबेल्टचं बक्कल चटका देतं, टपालपेटीचं झाकण चटका देतं, गार पाण्याचा नळ उघडला तरी पहिली दोन मिनिटं गरमच पाणी येतं. इथे राहून चाळीस वर्षं होत आली, तरी दर जूनमध्ये मी नव्यानं चिडते. आणि चिडचिड करता करताच एखाद्या पहाटे गॅरेजचं दार वर सरकवते. आत तापलेल्या प्लायवुडचा, टायरचा, खोक्यांच्या पुठ्ठ्याचा वास कोंडलेला असतो. मला हवा असलेला वास त्यात नसतो. सोल्डरिंगच्या तारेतली राळ जळल्याचा धूर, आणि तापलेल्या काचेवर करपणाऱ्या धुळीचा वास. तो एका उन्हाळ्याबरोबर गेला हे मला पक्कं माहीत आहे, पण नाक ऐकत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मधला तो उन्हाळा. त्याच्यावर लिहायचं म्हटलं की लोकांना वाटतं, बाई आता मोगऱ्याचं आणि चांदण्याचं काही सांगणार. मला तो आठवला की आधी भीती आठवते. त्या उन्हाळ्यात माझ्या एका चुकीपायी माझ्या सासऱ्यांचा जीव जाता जाता राहिला. त्यानंतर जे काही सुंदर घडलं, ते सगळं त्या भीतीच्या अवतीभवतीच घडलं.

तेव्हाचं चँडलर म्हणजे अर्धं गाव आणि अर्धं शेत. आमच्या गल्लीतल्या शेवटच्या घरामागे कापूस सुरू व्हायचा, थेट डोंगरापर्यंत. सकाळी कालव्याचं पाणी सोडलं की ओल्या मातीचा वास यायचा आणि आठ वाजेपर्यंत तो वाळूनही जायचा. माझा नवरा श्रीकांत चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. इंजिनिअर मीही होते. सांगलीच्या कॉलेजातली, इलेक्ट्रॉनिक्सची, साठ मुलांच्या वर्गात आम्ही दोघी मुली. पण माझा व्हिसा बायको म्हणून मिळालेला, त्यावर नोकरी करायला बंदी. दुपारी दोन वाजता मी मसाल्याच्या बरण्या उंचीप्रमाणे लावायची आणि चार वाजता रंगाप्रमाणे. शिकलेल्या बाईला रिकामं बसवलं की ती घरातल्या निर्जीव वस्तूंचा छळ करते, हे मी स्वानुभवानं सांगते.

त्या मे महिन्यात नाना आले. नाना म्हणजे माझे सासरे, नागपूरच्या तार ऑफिसातून रिटायर झालेले. सासूबाईंना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. विमानतळावर त्यांच्या एका हातात बॅग होती आणि काखेत चादरीत गुंडाळलेली हवाईयन गिटार. ही गिटार छातीशी धरत नाहीत, मांडीवर आडवी ठेवतात. डाव्या हातात पोलादाचा एक गुळगुळीत तुकडा असतो, तो तारांवरून सरकवायचा; उजव्या हाताच्या बोटांत धातूच्या नख्या चढवायच्या आणि छेडायचं. एकेकाळी नागपुरात गणपतीच्या मांडवात नानांच्या गिटारीवर भावगीतं ऐकायला लोक उभे राहत. घरी ते ती गिटार जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओला जोडत. रेडिओच्या पाठीला ग्रामोफोनसाठी दोन भोकं असत, त्यात पिना खोचल्या की झालं.

रेडिओ अर्थातच नागपुरात राहिला. श्रीनं मोठ्या उत्साहानं आपल्या नव्या स्टिरिओला गिटार जोडून दिली. नानांनी एक ओळ वाजवली, मध्येच थांबले.

"आवाज येऊन राहिला," ते म्हणाले, "पण कोरडा आहे. मींड घेत खालच्या सुराकडे सरकायला निघालो, तर अर्ध्या वाटेत सूर मरून जातो."

"नाना, ही बेस्ट सिस्टिम आहे. डिस्टॉर्शन जवळजवळ झीरो," श्री म्हणाला.

"असेल ना," म्हणून नानांनी गिटार चादरीत गुंडाळली आणि पलंगाखाली सरकवली.

मग ते कूलरजवळ बसले. नागपूरचा माणूस उन्हाला भीत नाही आणि कूलरचं त्याला सगळं कळतं. पहिल्या आठवड्यात नानांनी आमचा छपरावरचा कूलर खाली उतरवायला लावून त्याच्या जाळ्या धुतल्या, पंप साफ केला, पाणी कुठून गळतं ते शोधलं. दुसऱ्या आठवड्यात करण्यासारखं काही उरलं नाही. मग ते सकाळी खुर्चीत बसत ते संध्याकाळपर्यंत. जेवायला बोलावलं की येत, वाढलेलं खात, "छान झालं" म्हणत. काय खाल्लं ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मला त्यांची काळजी वाटायची, आणि खरं सांगायचं तर रागही यायचा. घरात रिकामं बसलेलं माणूस एकच पुरे होतं.

तेवढ्यात शेजारच्या घरानं जुना रेडिओग्राम टाकून द्यायला बाहेर काढून ठेवला. कपाटाएवढं लाकडी धूड, आत ग्रामोफोन, खाली स्पीकर. मी मागची फळी उघडून पाहिली तर आत काचेच्या, तापून उजळणाऱ्या व्हॉल्व्हची रांग. इथे त्यांना ट्यूब म्हणतात. कॉलेजात पहिल्या वर्षी आम्हाला व्हॉल्व्ह शिकवले आणि तिसऱ्या वर्षी सांगितलं की आता ते विसरा. मी विसरले नव्हते. श्री कामावरून आला तेव्हा गॅरेजच्या मध्यभागी ते धूड उभं होतं आणि मी त्याचा ट्रान्सफॉर्मर काढत होते.

"काचेचे दिवे?" श्री हसला. "मीना, अख्खं जग त्या दिव्यांतून बाहेर पडलंय, यार!"

"तुझं जग पडलं असेल. नानांचं अजून आतच आहे."

त्या दिवशी मला काय झालं होतं कोण जाणे. दोन वर्षांनी हातात पकड, तार आणि सोल्डरिंग गन होती. अॅल्युमिनियमचा एक उथळ डबा घेतला, त्याला भोकं पाडली, वर व्हॉल्व्ह बसवले, खाली वायरिंग. दुपारी गॅरेजात जिवंत माणूस भाजून निघेल अशी स्थिती, म्हणून काम पहाटे पाच ते आठ. नाना चहाचे दोन कप घेऊन येत आणि पालथ्या बादलीवर बसून बघत. सासरा आणि सून, बोलायचं काय? पण हे बरं होतं, बोलायला व्हॉल्व्ह होते.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "डावा हात पाठीमागे कशाला ठेवतेस गं?"

"आमचे सर सांगायचे. आत चारशे व्होल्ट असतात. दोन्ही हात आत असले तर करंट छातीतून जातो. एकच हात असला तर वाचायची आशा असते."

"बाप्पा," नाना म्हणाले आणि त्यांनी कप जरा लांब ठेवला.

महिन्याभरात अॅम्प्लिफायर बोलला. नानांनी गिटार पलंगाखालून काढली, नख्या चढवल्या, एक तार छेडली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. परीक्षेचा निकाल लागताना बघावं तसं.

"आवाज आला," ते म्हणाले. "स्वच्छ आहे."

त्या 'स्वच्छ'नं मी खूश झाले. मीच तर तो स्वच्छ केला होता! श्रीनं आणलेल्या ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर सुराची लाट अशी गोल दिसत होती की पुस्तकात छापावी. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा अंश उलटा फिरवून परत आत द्यायचा, म्हणजे चुका एकमेकींना खातात, ही फीडबॅकची युक्ती मी भरपूर वापरली होती.

"पण?" मी विचारलं.

"पण काही नाही."

"नाना, पण आहे. सांगा."

त्यांनी नख्या काढल्या. "आजारी माणसाला अंघोळ घालून बसवलं ना, तसा सूर आहे हा. स्वच्छ आहे, पण उठून चालत नाही."

मला इतका राग आला की दोन दिवस मी गॅरेजात गेले नाही. डिग्री माझी, मोजमाप माझं, पडद्यावर लाट बिनचूक, आणि हे तार ऑफिसातले गृहस्थ म्हणतात उठून चालत नाही. तिसऱ्या दिवशी गेले आणि चरफडत फीडबॅकची वायर कापली. पडद्यावरची लाट ताबडतोब बिघडली. नानांची मान मात्र पहिल्यांदाच किंचित हलली. त्या मानेच्या हलण्यावर मी पुढचा दीड महिना काढला.

आज लोक मुद्दाम जुने व्हॉल्व्ह शोधून असे अॅम्प्लिफायर बनवतात, कोणता कपॅसिटर बदलला की आवाज कसा उबदार होतो यावर तासन् तास बोलतात. माझ्यापाशी तेव्हा तसले शब्द नव्हते. माझ्यापाशी नानांची मान होती. मी एक भाग बदलायची, ते एक ओळ वाजवायचे. हलली, नाही हलली, अर्धी हलली. पाचशे मैलांत तसला दुसरा मीटर मिळाला नसता.

जुलैत श्रीलाही चेव आला. विजेला एकाच दिशेनं वाहायला लावणारा एक मोठा व्हॉल्व्ह मी वापरला होता. "हा कशाला?" तो म्हणाला. "दोन सिलिकॉन डायोड लाव. छोटे, थंड, एफिशियंट. आणि बटण दाबलं की लगेच फुल व्होल्टेज, गरम व्हायची वाट बघायला नको." कारखान्यातल्या माणसाचा मान म्हणून मी ते लावले. आवाज दणदणीत झाला. नाना दचकले आणि म्हणाले, "आता हा सूर दार ठोठावत नाही गं, लाथ मारतो." आम्ही तिघंही हसलो. त्या उन्हाळ्यातलं ते शेवटचं निर्धास्त हसू.

एक बारीक घरघर तेवढी जात नव्हती. शोधता शोधता मला वाटलं, चालू असल्याची खूण म्हणून लावलेल्या लाल दिव्याच्या वायरीतून ती येते आहे. मी तो दिवा काढला. घरघर कमी झाली. दिवा नंतर नीट वायर टाकून परत बसवू, असं मी ठरवलं. 'नंतर' या शब्दानं जगात किती माणसं मारली असतील कोण जाणे.

त्या सकाळी डबा टेबलावर उलटा होता, पोट वर करून, सगळं वायरिंग उघडं. घरात फोन वाजला. मी अॅम्प्लिफायरचं बटण बंद केलं आणि आत धावले. प्लग काढला नाही. आपल्याकडे भिंतीवरच्या प्रत्येक प्लगशेजारी बटण असतं, ते खाली-वर केलं की झालं; इथे भिंतीला नुसती भोकं, प्लग उपटूनच काढावा लागतो. तेवढा दोन सेकंदांचा आळस. फोन श्रीचा होता, संध्याकाळी उशीर होईल म्हणून. मी "बरं" म्हणून ठेवला.

गॅरेजच्या दारात आले तर नाना टेबलावर वाकलेले. घामानं त्यांच्या अंगठ्यातली नखी निसटून डब्यात पडली होती, आणि ती काढायला ते हात घालत होते. मधल्या दोन बोटांत धातूच्या नख्या तशाच होत्या. माझी नजर बटणावर गेली. मी जाताना खाली केलेलं बटण वर होतं.

वर म्हणजे चालू. दिवा नाही. डबा उलटा, त्यामुळे व्हॉल्व्ह तापताहेत की नाही ते दिसत नाही. आणि डायोडमुळे चारशेच्या वर व्होल्ट त्या क्षणी आत उभे.

ओरडावं? ओरडले तर ते दचकतील, आणि दचकले तर हात खाली जाईल. धावत जाऊन धरावं? मी धरेपर्यंत त्यांचं बोट टेकलं तर दोघंही गेलो. प्लग त्यांच्या पलीकडे. हे सगळं मी विचार करून ठरवलं असं म्हणायला मला आवडेल. पण दाराशी गॅरेज झाडायचा लांब दांड्याचा झाडू होता, कोरड्या लाकडाचा. तो हातात कधी आला ते मला आजही आठवत नाही. मी तो दोन्ही हातांनी उचलला आणि सासऱ्यांच्या मनगटावर जीव खाऊन हाणला.

नाना किंचाळले आणि मागे बादलीवर कोसळले. एक नखी उडून भिंतीवर आपटली. मनगट धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत दुखण्यापेक्षा दुसरंच काही जास्त होतं. ज्या घरात मी त्यांच्यासमोर आवाजसुद्धा चढवला नव्हता, त्या घरात मी त्यांना झाडूनं मारलं होतं. आपल्यात झाडूचा मार म्हणजे काय, हे मी मराठी वाचकाला सांगायला नको.

मी पलीकडे जाऊन प्लग उपटला. लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर घेतला, डावा हात पाठीमागे नेला आणि वीज साठवून ठेवणाऱ्या कपॅसिटरची दोन टोकं जोडली. फटाका फुटावा तसा आवाज झाला, निळी ठिणगी उडाली. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला खाच पडली. प्लग काढलेला असतानाही एवढी वीज आत शिल्लक होती.

नानांनी वाकून ती खाच पाहिली.

"मी तं बंद केलं होतं," ते म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता. "तू चालू ठेवून गेलीस असं वाटलं. मी बटण पाहिलं, खाली होतं. म्हणून वर केलं. मगच हात घातला."

आणि मला कळलं. आपल्याकडे बटण खाली केलं की दिवा लागतो, वर केलं की जातो. इथे नेमकं उलटं. मी नवी आले तेव्हा तीन महिने चुकीची बटणं दाबत होते. मग हाताला सवय झाली, आणि ती इतकी मुरली की अॅम्प्लिफायरला बटण बसवताना मी ते इथल्या पद्धतीनं बसवलं आणि तसं बसवते आहे हे मला जाणवलंसुद्धा नाही. नानांनी निष्काळजीपणा केला नव्हता. आयुष्यभर शिस्तीत काम केलेल्या त्या माणसानं आधी वीज बंद करायची काळजी घेतली होती. त्या काळजीनंच ती चालू झाली.

मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले. नानांनी दुखऱ्या हातानं माझ्या डोक्यावर थोपटलं नाही, वगैरे काही केलं नाही. ते म्हणाले, "बर्फ असेल ना घरात?" मी उठून बर्फ आणला.

संध्याकाळपर्यंत मनगट वांग्यासारखं सुजलं होतं. जेवताना ते डाव्या हातानं चमचा धरून वरणभात खात होते. श्रीनं पाहिलं.

"नाना, हाताला काय झालं?"

मला वाटलं, पडलो म्हणतील, दारात सापडला म्हणतील. नानांनी घास गिळला.

"मीनानं झाडूनं मारलं."

श्रीनं माझ्याकडे पाहिलं. मग मी सगळं सांगितलं. दिवा, प्लग, बटण, एकही गोष्ट न वगळता. सांगताना त्याचा चेहरा पांढरा होत गेला.

"ही कुड हॅव डाइड, मीना!" तो ताटावरून उठला. "तुला कळतंय का? मी नागपूरला काय फोन करणार होतो? बास. उद्या ते सगळं उचलून फेकतो. गॅरेजला लॉक."

फेकून द्यावं असं मलाही वाटत होतं.

"बस खाली," नाना म्हणाले. "मेलो असतो तर तिच्यामुळे, आणि बसून जेवतो आहे तोही तिच्यामुळेच. हिशोब फिटला. फेकाफेकी करून काय होणार? पुढच्या वेळी प्लग काढलेला आहे हे कसं कळणार, तेवढं सांगा."

मग त्यांनीच सांगितलं.

"प्लग माझ्या हातात राहील."

श्री त्या रात्री माझ्याशी बोलला नाही. सकाळी कामावर जाण्याआधी गॅरेजात गेला. मी मागून गेले तर तो तो मोठा जुना व्हॉल्व्ह हातात घेऊन उभा होता, त्याच्या डायोडनी ज्याला हाकललं होतं तो.

"हा असता तर गरम व्हायला दहा सेकंद लागले असते ना?"

"हो."

"मीच म्हणालो होतो, वाट बघायला नको." त्यानं व्हॉल्व्ह टेबलावर जपून ठेवला आणि निघून गेला. त्याचा राग नाहीसा झाला नाही, पण तो आता माझ्या एकटीवर राहिला नाही. संसारात रागाची अशी वाटणी झाली की निभावून जातं.

डॉक्टर म्हणाले, हाड मोडलेलं नाही. पण वय सहासष्ट, सूज उतरायला वेळ लागेल, बोटांतली चपळाई परत येईल की नाही सांगता येत नाही. तीन आठवडे मी या वाक्याबरोबर झोपले आणि याच वाक्याबरोबर उठले. जीव वाचवताना मी त्यांच्या हातातलं गाणं मोडलं असलं तर? ते जिवंत राहिले, एवढं पुरे, असं मी स्वतःला म्हणायची. आणि मग कूलरजवळची ती खुर्ची डोळ्यांसमोर यायची.

ऑगस्टच्या त्या सगळ्या सकाळी मी कधीच विसरणार नाही. पाच वाजता गॅरेजचं दार वर जायचं. नाना बादलीवर बसायचे, मनगटाला पट्टी, आणि मांडीवर प्लग. काळी वायर टेबलावरून उतरून त्यांच्या मांडीपर्यंत आलेली, पितळी पिना त्यांच्या डाव्या मुठीबाहेर डोकावणाऱ्या. मी स्क्रूड्रायव्हरनं कपॅसिटर रिकामे करायची. मग ते मूठ वर करून दाखवायचे आणि म्हणायचे, "घाल हात." त्याशिवाय मी हात घालायचा नाही. काम चालू असताना ते प्लग खाली ठेवत नसत. चहासुद्धा पट्टीच्या हातानं प्यायचे. माझी बोटं त्या वायरींमध्ये असताना माझा जीव त्यांच्या मुठीत असायचा. हे आम्ही दोघंही एकमेकांना बोलून दाखवलं नाही. पुढे मला कामाचा परवाना मिळाला, नोकऱ्या केल्या, मोठमोठ्या यंत्रांत हात घातले. इतकी निर्धास्त मी पुन्हा कुठेच नव्हते.

लाल दिवा परत बसवला. बटण काढून टाकलं. त्या अॅम्प्लिफायरला मी पुन्हा बटणच लावलं नाही. प्लग लावला की चालू, काढला की बंद. कुठल्याही देशातल्या माणसाला कळेल असं. श्रीचे डायोड काढले आणि जुना व्हॉल्व्ह परत बसवला. खरं तर भीतीपोटी बसवला. पण बसवताना मला कॉलेजातला एक धडा आठवला. जोरात तार छेडली की हा व्हॉल्व्ह क्षणभर दमतो, आतला विजेचा दाब खाली येतो आणि मग सावकाश वर चढतो. पुस्तकात हा दोष म्हणून दिला होता. म्हणजे सूर आपटणार नाही, आधी दबेल आणि मग फुलत जाईल. फीडबॅक नाही, डायोडही नाहीत आणि दीड महिन्यात बदललेले सगळे भाग जागेवर, असा हा अॅम्प्लिफायर आम्ही आजवर एकदाही ऐकलाच नव्हता.

ऑगस्ट संपता संपता एका रविवारी सकाळी नानांनी पट्टी सोडली. मनगट पिवळट दिसत होतं. त्यांनी नख्या चढवल्या, त्यातली एक दोनदा निसटली. श्री भिंतीशी उकिडवा बसला, हात प्लगजवळ. प्लग लावला. दिवा लागला. आम्ही दहा सेकंद थांबलो, मग आणखी दहा. नानांनी तार छेडली आणि एक ओळ वाजवली.

ती ओळ कशी वाजली ते मला विचारू नका. मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होते. धातूच्या नख्या, धातूच्या तारा, तारांना जोडलेली वायर, वायरीच्या टोकाला तो डबा. मी हजारदा तपासलं होतं. गिटारीच्या तारांत काही उतरत नाही हे मला मीटरनं सांगितलं होतं. तरी माझे डोळे त्या बोटांवरून हलत नव्हते, आणि कान बंद पडले होते.

"कसं वाटलं?" नानांनी विचारलं.

"छान," मी म्हणाले.

"फँटॅस्टिक!" श्री म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, म्हणजे त्यानं खरंच ऐकलं असावं.

नाना माझ्याकडे वळले. "तू ऐकलंच नाहीस. तू हात बघत होतीस."

मी कबूल केलं.

"पुन्हा वाजवतो. आता डोळे मिट."

"नाना, नको."

"मिट गं. सासरा सांगून राहिला तुला."

मी डोळे मिटले. आयुष्यात इतकं अवघड काम मी दुसरं केलेलं नाही. अंधारात आधी नुसता माझा श्वास होता. मग तार छेडल्याचा बारीक आवाज झाला, सूर किंचित दबला, आणि उठला. उठला आणि राहिला. पोलादाचा तुकडा तारेवरून सरकू लागला तसा तोही सरकला, एका स्वरातून दुसऱ्या स्वराकडे, कुठेही न तुटता, मध्ये कुठेही न मरता. अजून आहे, अजून आहे, मी मोजत होते. तो वाजतो आहे तोवर हात धड आहे. तो वाजतो आहे तोवर नाना आहेत. दोन महिने मी त्यांच्यासाठी लांब सूर शोधत होते, आणि आता तो मलाच हवा होता, जितका लांबेल तितका. खालचा स्वर आला, त्यावर तो थोडा थरथरला, स्थिरावला, बारीक होत गेला. तो पार विझेपर्यंत मी डोळे उघडले नाहीत.